नटांचा गुरु : कॉन्स्टंटिन स्टॅनिस्लाव्हस्की

कवि, गवई आणि नट हे जन्मास यावे लागतात, ते घडवितां येत नाहींत, अशी एक समजूत आपल्या समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. तरी कवीस छंदःशास्त्र शिकावें लागतें आणि गवयास वर्षानुवर्षें तंबोऱ्यापाशीं बसावें लागतें, हें सर्वांस ठाऊक असतें. नटानें मात्र पाठ केलेलें भाषण मोठ्यानें म्हटलें, हातवारे केले आणि प्रसंगीं डोळ्यांत पाणी आणलें कीं त्याचें काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. हें जर खरें असतें, तर नाट्यशिक्षण या नांवाची वस्तूच जगांत उरली नसती. आज देशोदेशीं नटांस शिक्षण देणाऱ्या शाळा चालतात. त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं एका रशियन नटाचें नांव आदरानें घेतलें जातें. आणि जेथें त्याचें मत मान्य नाहीं, तेथेंहि त्याच्याशीं वाद घालूनच नवें मत मांडावें लागतें. त्या पुरुषाचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

कॉन्स्टंटिनचा जन्म ता. १७ जानेवारी १८६३ रोजीं मॉस्को शहरीं एका धनाढ्य कारखानदाराच्या घरीं झाला. घराण्याचें खरें आडनांव अलेक्सेयेव्ह. सोन्यारुप्याच्या तारा ओढून कलाबतू तयार करण्याचा त्यांचा मोठा कारखाना होता. घरांत संपत्ति होती, तशीच नाटकांची आवडहि होती. मुलाची आजी ही फ्रेंच नटी होती.

बाळपणची एक गोष्ट त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत नमूद करून ठेविली आहे. तो अगदीं लहान असतांना घरच्या मंडळींनीं चार ऋतूंचा एक देखावा बसविला व या बाळास हिंवाळ्याची भूमिका दिली. अंगावर कापसाचें बर्फ आलें, पांढरी दाढी आली, आणि हातांत एक काडी देऊन ती समोरच्या मेणबत्तीवर धरल्याचें नुसतें सोंग कर, खरोखर धरूं नको, अशी ताकीद मिळाली. सोंग कसें करावयाचें हें बाळास उमगेना. इतक्या लोकांपुढें उगाच बसून राहण्याची त्यास लाज वाटूं लागली. शेवटीं त्यानें काडी ज्योतीवर खरोखरच धरली! कापूस भडकला, धांवाधांव झाली, बाळास उचलून नेण्यांत आलें आणि वर बोलणींहि बसलीं. गोष्ट हंसण्यासारखी आहे. परंतु रिकामें बसण्यांतील अवघडलेपण आणि कांहीं हेतु धरून कृति करण्यांतील आनंद, या दोन्ही भावना त्यांच्या मनांत कायमच्या घर करून राहिल्या. त्यांच्या साऱ्या नाट्यशिक्षणाचें बीज या दोन भावनांत आहे.

सन १८७७ मध्यें वडिलांनीं मॉस्कोजवळील ल्युबिमोव्हका या आपल्या गांवच्या वाड्यांत मुलांसाठीं एक लहानसें नाट्यगृह बांधून दिलें. भावंडांनीं व आप्तमित्रांनीं मिळून तेथें नाटकें सुरू केलीं. त्यावेळीं चौदा वर्षांच्या असलेल्या कॉन्स्टंटिननें एक वही घातली व आपल्या कामांतील गुणदोष तींत टिपण्यास आरंभ केला. वह्या संपत गेल्या, पण ही संवय आयुष्याच्या अखेरपर्यंत सुटली नाहीं. स्वतःची परीक्षा स्वतः घेणाऱ्या माणसास दुसऱ्या परीक्षकाचें भय फारसें उरत नाहीं.

तारुण्यांत नाटकाचा नाद इतका वाढला कीं, घराण्यास कमीपणा येऊं नये म्हणून त्यांनीं स्टॅनिस्लाव्हस्की हें परकें नांव घेतलें. या नांवाच्या आड राहून ते कसल्याहि हलक्या प्रहसनांत काम करूं लागले. एकदां असा एक खेळ चालू असतां प्रेक्षकांत पाहतात तों आईबाप बसलेले! दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं मुलास नाटक सोडण्यास सांगितलें नाहीं. करावयाचेंच असेल तर चांगली मंडळी जमवून चांगलीं नाटकें कर, हा केरकचरा नको, इतकेंच त्यांनीं समजाविलें. पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे. मुलाची आवड त्यांनीं मोडली नाहीं, तिची पातळी मात्र उंचावली.

सन १८८५ मध्यें ते मॉस्कोच्या नाट्यशाळेंत दाखल झाले. तेथील शिक्षक नामांकित नट होते. ते भूमिका स्वतः करून दाखवीत आणि विद्यार्थ्यांनीं तिची हुबेहूब नक्कल करावी, अशी अपेक्षा बाळगीत. काय साधावयाचें तें सर्व सांगत. तें कसें साधावयाचें हें मात्र कोणीच सांगेना. थोड्याच आठवड्यांत स्टॅनिस्लाव्हस्कींनीं ती शाळा सोडली. परंतु तेथें मनांत उभा राहिलेला 'कसें' हा प्रश्न त्यांस जन्मभर पुरला.

या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्यांस थोर नटांच्या निरीक्षणांतून मिळालें. इटालियन नट साल्विनी यानें सन १८८२ मध्यें मॉस्कोंत केलेला ऑथेल्लो त्यांनीं पाहिला होता. हा महान् नट खेळापूर्वीं कित्येक तास आधीं नाट्यगृहांत येई, हळूहळू रंग चढवी, मधून रंगमंचावर फेरी मारी आणि अशा रीतीनें अंगाबरोबर मनासहि वेष चढवी. ज्यास सर्व कांहीं आपोआप सुचतें असें लोकांस वाटे, तोच सर्वांपेक्षां अधिक तयारी करी! पुढें सन १८९० मध्यें मायनिंगेन येथील जर्मन नाटकमंडळी मॉस्कोस आली. तिच्या दिग्दर्शकाची कडक शिस्त पाहून स्टॅनिस्लाव्हस्कीहि आपल्या नटांस लष्करी थाटानें वागवूं लागले. परंतु हुकुमानें पावलें उचलतां येतात, अंतःकरण हलवितां येत नाहीं, हा धडा त्यांस लवकरच मिळाला.

सन १८८८ मध्यें त्यांनीं एक कला व साहित्य मंडळ काढलें. पुढच्याच वर्षीं तेथील गुणी नटी मारिया लिलिना हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. दिवसा कारखाना व संध्याकाळीं नाटक, असा क्रम चालू राहिला. मग सन १८९७ च्या उन्हाळ्यांत नाटककार व नाट्यशिक्षक नेमिरोविच-डान्चेन्को यांनीं त्यांस भेटीस बोलाविलें. मॉस्कोंतील एका उपाहारगृहांत दुपारीं दोन वाजतां सुरू झालेलें बोलणें ल्युबिमोव्हका येथें दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां संपलें! या अठरा तासांत एका नव्या नाट्यसंस्थेचा सर्व आराखडा ठरला. आज नायक झालेल्या नटानें उद्यां गर्दींतील एक माणूस होण्यास कुरकुर करूं नये, उशिरां येणें व पाठ नसणें हे अपराध समजावे, आणि नाटक हें कोणा एका नटाच्या मिरवणुकीसाठीं नसून सर्वांनीं मिळून करावयाचें कार्य आहे, हे त्यांतील मुख्य नियम. त्याप्रमाणें ता. २६ ऑक्टोबर १८९८ रोजीं मॉस्को आर्ट थिएटरचा पडदा उघडला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं चेकॉव्ह यांचें 'सीगल' हें नाटक केलें. दोन वर्षांपूर्वीं हेंच नाटक सेंट पीटर्सबर्ग येथें सपशेल पडलें होतें आणि लेखक निराश झाला होता. या नाटकांत तलवारी नाहींत, खटके उडविणारीं भाषणें नाहींत. साधीं माणसें साधें बोलतात आणि त्यांचें दुःख शब्दांच्या आड राहतें. जुन्या पद्धतीचा नट येथें लंगडा पडे. पहिला अंक संपला तेव्हां प्रेक्षागृहांत इतकी शांतता पसरली कीं खेळ बुडाला असें नटांस वाटलें. आणि मग एकाएकीं टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढें या संस्थेनें सीगल म्हणजे समुद्रपक्षी हेंच आपलें चिन्ह केलें. मागोमाग चेकॉव्ह यांचीं आणखी तीन मोठीं नाटकें आलीं. सन १९०२ मध्यें गॉर्की यांचें समाजाच्या तळाशीं पडलेल्या माणसांवरील नाटक आलें, आणि त्यासाठीं नटमंडळी मॉस्कोंतील भटक्या व दरिद्री लोकांच्या वस्तींत जाऊन तें जीवन डोळ्यांनीं पाहून आली.

कीर्ति मिळाली, धन होतेंच, संस्था भरभराटीस आली. येथें दुसऱ्या कोणाचें चरित्र संपलें असतें. स्टॅनिस्लाव्हस्कींचें खरें चरित्र येथून सुरू होतें.

सन १९०६ मध्यें जर्मनी व इतर देशांत विजयी दौरा करून ते विश्रांतीसाठीं फिनलंडांत गेले. वय त्रेचाळीस. रोज सकाळीं समुद्रकांठच्या खडकावर बसून ते आपल्या कामांचा हिशेब घेऊं लागले, आणि तो हिशेब जमेना. इब्सेनच्या नाटकांतील डॉक्टर स्टॉकमन ही त्यांची अत्यंत गाजलेली भूमिका. आरंभीं ती करतांना अन्यायाविरुद्ध एकटा उभा राहणाऱ्या त्या सत्यनिष्ठ माणसाची तळमळ त्यांच्या मनांत खरोखर जागी असे, आणि हात, पाय, डोळे आपोआप तिच्यामागें जात. आतां हात तसेच हालत होते, बोटें तशींच ताठ होत होतीं, प्रेक्षक टाळ्याहि देत होते. परंतु आंतील माणूस नाहींसा झाला होता. उरली होती ती स्वतःचीच नक्कल. ज्या नकलेस कंटाळून त्यांनीं विसाव्या वर्षानंतर शाळा सोडली, तीच नक्कल आतां त्यांच्याच अंगांत येऊन बसली होती, आणि दुसऱ्या कोणास तिचा पत्ताहि नव्हता. ते गप्प राहते तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. त्यांनीं मात्र पुन्हां पहिल्या इयत्तेपासून शिकावयाचें ठरविलें.

स्फूर्ति ही हुकमी नाहीं. ती येते तेव्हां येते. परंतु ती यावी अशी भूमि माणसास तयार करतां येईल काय? या शोधांतून त्यांची शिक्षणपद्धति निर्माण झाली. तिचीं मुख्य अंगें आम्ही थोडक्यांत सांगतों.

पहिलें अंग शरीराचें सैलपण. ताठलेल्या देहांत विचार चालत नाहीं. एका विद्यार्थ्यास पियानोची एक बाजू उचलून धरावयास सांगावें आणि त्याच वेळीं ३७ गुणिलें ९ किती, असें विचारावें. पियानो खालीं ठेवल्यावांचून त्यास उत्तर सुचत नाहीं. सभेंत भाषण करतांना मुठी आवळून उभ्या राहिलेल्या मुलाची अवस्था हीच असते. दुसरें अंग एकाग्रता. हजार डोळ्यांपुढें उभ्या राहिलेल्या नटानें प्रथम दिव्याच्या लहानशा प्रकाशवर्तुळाएवढेंच आपलें जग मानावें आणि मग तें वर्तुळ हळूहळू वाढवावें. या कामीं त्यांस आपल्या योगशास्त्राचेंहि साह्य झालें. सुलरझित्स्की या सहकाऱ्याच्या संगतींत त्यांनीं योगविषयक वाचन केलें, आणि श्वास, प्राण व चित्ताची एकाग्रता यांवरील कांहीं अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतले.

तिसरें अंग 'जर' हा लहानसा शब्द. नटानें आपण राजा आहों अशी स्वतःची फसवणूक करूं नये. मी जर या परिस्थितींत असतों तर काय केलें असतें, एवढेंच विचारावें. त्यांच्या पुस्तकांत याचें एक सुंदर उदाहरण आहे. एका विद्यार्थिनीस सांगण्यांत येतें कीं, तुझ्या शिक्षणाचे पैसे संपले आहेत. मैत्रिणीनें मदतीसाठीं दिलेली मौल्यवान् टांचणी या पडद्यांत कोठें तरी अडकली आहे, ती शोध. मुलगी धांवत येते, छाती पिटते, पडदे झोडपते व टाळ्यांच्या आशेनें परत येते. टांचणी कोठें आहे, असें शिक्षक विचारतात. ती शोधावयाचें तर ती विसरूनच गेली होती! मग शिक्षक बजावतात कीं, टांचणी खरोखर मिळाली नाहीं तर शाळा सोडावी लागेल. आतां ती एक एक घडी निरखून पाहते. छाती पिटत नाहीं, आक्रोश करीत नाहीं. आणि पाहणारांची दृष्टि तिच्यावरून हलत नाहीं. दुःख दाखविणें निराळें आणि दुःखांत पडलेल्या माणसानें जें केलें असतें तें करणें निराळें.

चौथें अंग असें कीं, प्रत्येक प्रवेशांत पात्रास कांहीं तरी साधावयाचें असतें. तें ओळखावें, आणि हे लहान हेतु एका सूत्रांत ओंवून नाटकाच्या मुख्य हेतूपर्यंत न्यावे. पांचवें अंग भावनांची स्मृति. स्वतःच्या आयुष्यांत भोगलेल्या सुखदुःखांची आठवण हा नटाचा संग्रह आहे. ज्यानें जगाकडे डोळे उघडून पाहिलें नाहीं, त्याच्या पेटींत रंगमंचावर काढावयास कांहीं नसतें.

ही पद्धति सुखासुखीं कोणी पत्करली नाहीं. स्वतःच्याच संस्थेंतील नामांकित नट कंटाळले. आम्हांस आतां उभें राहणें शिकविणार काय, असें त्यांस वाटे. म्हणून सन १९१२ मध्यें तरुणांसाठीं एक निराळी शिक्षणशाळा काढण्यांत आली. तिच्यांतून व्हाख्तान्गॉव्ह आणि मायकेल चेकॉव्ह यांसारखे समर्थ शिष्य तयार झाले. गुरूस स्वतःस मात्र कडू घोट गिळावा लागला. सन १९१७ मध्यें, पूर्वीं आपणच गाजविलेली एक भूमिका नव्या रीतीनें उभी करण्याचा प्रयत्न करीत असतां ती त्यांस साधेना, आणि नेमिरोविच-डान्चेन्को यांनीं ती त्यांच्याकडून काढून घेतली. घाव खोल गेला. परंतु त्यांनीं संस्था सोडली नाहीं कीं शोध सोडला नाहीं.

त्याच वर्षीं राज्यक्रान्ति झाली. कारखाना गेला, घर गेलें, धनिकाचा पुत्र निर्धन झाला. नाट्यगृहांत पूर्वींच्या रेशमी पोशाखांच्या जागीं कामगार व सैनिक येऊं लागले. नाटक कसें पाहावें हेंहि त्यांस शिकवावें लागलें, आणि तें त्यांनीं शांतपणें शिकविलें. सन १९२२ पासून १९२४ पर्यंत संस्थेनें युरोप व अमेरिका यांचा दौरा केला. त्या काळांत 'माझें कलाजीवन' हें त्यांचें आत्मचरित्र लिहून झालें व सन १९२४ मध्यें अमेरिकेंत इंग्रजींतून प्रसिद्ध झालें. संस्थेंत शिकलेले बोलेस्लाव्हस्की अमेरिकेंतच राहून शिकवूं लागले, आणि त्यांच्या वर्गांतून ली स्ट्रासबर्ग व स्टेला ॲडलर हीं पुढें प्रसिद्धीस आलेलीं शिक्षक निघालीं. गुरूच्या मताचा अर्थ मात्र दोघांनीं निरनिराळा लावला. स्ट्रासबर्ग यांनीं भावनास्मृतीवर भर दिला. स्टेला ॲडलर सन १९३४ मध्यें पॅरिस येथें स्टॅनिस्लाव्हस्कींस स्वतः भेटल्या, आणि नाटकांतील परिस्थिति व कृति यांवरच अधिक भर हवा, असें ठरवून परतल्या.

ता. २९ ऑक्टोबर १९२८ रोजीं संस्थेस तीस वर्षें झाल्याचा उत्सव होता. चेकॉव्ह यांच्या 'तीन बहिणी' या नाटकाचा पहिला अंक चालू असतां स्टॅनिस्लाव्हस्कींच्या छातींत असह्य कळा येऊं लागल्या. अंक पुरा होईपर्यंत ते उभे राहिले. पडदा पडल्यावर मग ते कोसळले. त्यानंतर ते नट म्हणून रंगमंचावर पुन्हां आले नाहींत. उरलेलीं दहा वर्षें त्यांनीं लेखनांत व शिकविण्यांत घालविलीं. प्रकृति ढांसळली तेव्हां विद्यार्थी त्यांच्या घरीं येत. या वयांतहि त्यांनीं स्वतःची पद्धति तपासून पाहिली व तींत फेर केला. भावनेस थेट बोलावूं जावें तर ती लपते. म्हणून नटानें साधी, खरी, शारीरिक कृति प्रथम नीट करावी, भावना तिच्यामागून आपण होऊन येते, असें ते आतां सांगूं लागले. मोल्येरच्या 'तार्त्यूफ' या नाटकाच्या तालमी त्यांनीं याच रीतीनें घेतल्या. खेळ लावण्याची घाई नव्हती. नटांच्या हातीं एक साधन द्यावें एवढाच हेतु होता. तें नाटक त्यांच्या मृत्यूनंतर सन १९३९ मध्यें रंगभूमीवर आलें. नटाच्या साधनेवरील त्यांचा ग्रंथ सन १९३६ मध्यें इंग्रजींत निघाला. मूळ रशियन ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांनीं बाहेर पडला.

त्यांच्या अखेरच्या दिवसांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. मेयरहोल्ड हा त्यांचा जुना सहकारी पुढें सर्वस्वीं निराळ्या मार्गानें गेला होता. नटाच्या अंतःकरणापेक्षां शरीराच्या हालचालींवर त्याचा भर असे. सन १९३८ च्या आरंभीं सरकारनें त्याचें नाट्यगृह बंद केलें. त्याच्याशीं बोलण्यासहि लोक भिऊं लागले. अशा वेळीं स्टॅनिस्लाव्हस्कींनीं त्यास बोलावून आपल्या संगीत नाट्यगृहांत काम दिलें. मतभेद होता तो कलेंत होता, माणुसकींत नव्हता. ता. ७ ऑगस्ट १९३८ रोजीं स्टॅनिस्लाव्हस्की मॉस्को येथें वारले. पुढच्याच वर्षीं मेयरहोल्डला अटक झाली आणि सन १९४० मध्यें त्यास गोळी घालण्यांत आली. थोर गुरूची सावली किती मोलाची होती, तें यावरून कळून येतें.

आपल्या महाराष्ट्रांतहि नाट्यशिक्षणाची परंपरा जुनी आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारख्या नाटककारांनीं नटांस स्वतः तालमी देऊन घडविलें. सन १९३३ मध्यें 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक करून मराठी रंगभूमीवर आधुनिक वास्तव अभिनयाची वाट मोकळी केली. त्या मंडळींपैकीं के. नारायण काळे यांनीं पुढें स्टॅनिस्लाव्हस्कींचा ग्रंथ 'अभिनयसाधना' या नांवानें मराठींत आणिला. साधना हा शब्द त्यांनीं योग्यच योजिला, असें आम्हांस वाटतें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोडे पुढें नट होतील. परंतु स्नेहसंमेलनांत काम करणारे, वर्गांत कविता म्हणणारे, सभेंत चार शब्द बोलणारे सर्वच आहेत, आणि टांचणी न शोधतां छाती पिटण्याचा मोह सर्वांसच होतो. अभ्यासांतहि तेंच. उत्तर पाठ म्हणून दाखविणें म्हणजे तें कळणें नव्हे, आणि शाबासकी मिळाली म्हणजे काम खरें झालें असेंहि नव्हे. तें खरें झालें कीं नाहीं, हें प्रथम ज्याचें त्यासच कळतें. साऱ्या जगानें टाळ्या दिल्या असतांहि एका माणसानें समुद्रकांठीं बसून स्वतःस हा प्रश्न विचारला आणि उत्तर कडू आलें तरी तें मान्य केलें, म्हणून नटांस गुरु मिळाला. प्रत्येक कामानंतर वहींत दोन ओळी प्रामाणिकपणें लिहून ठेवण्याची त्यांची संवय कोणाहि मुलास उचलतां येण्यासारखी आहे. तिला धन लागत नाहीं, नाट्यगृह लागत नाहीं. खरें पाहण्याचें धैर्य मात्र लागतें.